कपाटातला कॅमेरा क्लासिक कधी ठरतो?

शेंदूरजनाघाटात मे महिना आला की लोखंडी कपाटं रिकामी करून कपड्यांना ऊन दाखवायची पद्धत अजून आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं तेव्हा लिंबाएवढी झालेली असतात आणि दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. अशाच एका दुपारी आमच्या कपाटाच्या वरच्या खणातून दोन कॅमेरे निघाले. एक काळ्या प्लॅस्टिकचा, हलका अगफा क्लिक थ्री. दुसरा चामडी केसमधला, जड, दोन डोळ्यांचा याशिका ६३५. काकांनी त्यावर कितीतरी लग्नांचे फोटो काढले होते. भाच्यानं याशिका हातात तोलला आणि विचारलं, "मामा, हा क्लासिक आहे का? याचे किती येतील?"

एका दमात विचारलेले हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. मला पहिल्याचं उत्तर हवं होतं. पण जुन्या कॅमेऱ्यांची गोष्ट निघाली की लोक आधी दुसऱ्यावरच येतात, म्हणून तो आधी संपवू.

जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलर इथं लायकाच्या शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ही मालिका १९२३च्या सुमारास चाचणीसाठी बनवली होती, मोजक्याच नगांची. त्यातला हा नग खुद्द ऑस्कर बार्नाकचा, म्हणजे ज्यानं लायका घडवला त्याच्या हातातला. एवढी किंमत त्या हाताची आहे. ज्ञानेश्वरीची जुनी हस्तलिखित पोथी आणि घरोघरी वाचली जाणारी छापील ज्ञानेश्वरी यांत जो फरक, तोच इथं. पोथी मौल्यवान आहे, पण ज्ञानेश्वरी थोर ठरली ती पोथीच्या किमतीमुळं नाही. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनीज बुकात झाली, तेव्हा त्यात ४,४२५ कॅमेरे होते. असा संग्रह करणाऱ्याला दुर्मीळ, विचित्र, फसलेलं मॉडेलसुद्धा हवं असतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते रास्त आहे. आमचा क्लिक थ्री मात्र इतक्या घरांत आहे की त्याला दुर्मीळ कुणीच म्हणणार नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, किमतीचा प्रश्न बाजूला ठेव.

वयाचं मापही फारसं उपयोगी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. त्या काळातला फोटोग्राफर काचेवर रसायन ओतायचा आणि ते ओलं असेपर्यंत फोटो काढून, तिथंच तंबूत किंवा अंधाऱ्या खोलीत काच धुऊन मोकळा व्हायचा. तो कॅमेरा आज संग्रहालयात पाहावा आणि नमस्कार करावा. जुनं ते सगळं क्लासिक असतं तर आमच्या गोठ्यातली मोडकी मोटही क्लासिक ठरली असती. जुनेपणाला आणखी कशाची तरी जोड लागते, आणि ती कशाची यावरच जाणकारांचे तट पडतात.

एक तट म्हणतो, जो पहिला तो क्लासिक. या यादीत वाद थोडा आणि नावं मोठी. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत आलेला लायका, ज्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म साध्या फोटोसाठी वापरली आणि २४ बाय ३६ मिलिमीटर हा आकार जगभर रूढ केला. १९२९चा रोलीफ्लेक्स, दोन लेन्सचा आणि रोल घालायचा, ज्याचं रूप पुढं कितीतरी कंपन्यांनी गिरवलं. १९५९चा निकॉन एफ, ज्यानं जपानी एसएलआर, म्हणजे एकाच लेन्समधून पाहून फोटो काढायचा कॅमेरा, जगभरच्या बातमीदारांच्या गळ्यात घातला. या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. पण हे माप लावलं तर याशिका पहिल्याच फेरीत बाद होतो, कारण तो रोलीफ्लेक्सच्या वळणावर बेतलेला, त्याहून स्वस्त आणि नंतरचा.

इथं मला आमच्या गावचा हिशेब जास्त पटतो. शेंदूरजनाघाटच्या नर्सऱ्यांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमा तयार होतात. शेतकरी कलम घ्यायला येतो तेव्हा डोळा कोणत्या झाडाचा आहे हे विचारतो, नाही असं नाही. पण बाग उभी राहिल्यावर बोलणं होतं ते वेगळंच: या जमिनीत धरली का, मर लागली का, बारा-पंधरा वर्षं फळ दिलं का? रोलीफ्लेक्सचा डोळा जपानच्या खुंटावर बांधला गेला आणि त्याचं फळ वऱ्हाडातल्या तालुक्याच्या स्टुडिओपर्यंत पोचलं. ज्या कॅमेऱ्यानं ही मजल मारली, त्याला नक्कल म्हणून खाली बसवणं मला अन्याय वाटतो.

दुसरा निकष अगदी साधा आहे, आणि मोठ्या लेखांत त्याला दोन ओळींपलीकडं जागा मिळत नाही: रोल मिळतो का? कोडॅकनं १२० नंबरचा रोल १९०१ साली बाजारात आणला. तो आजही बनतो. आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत तोच बसतो. याउलट १९१२चा १२७ नंबरचा रोल, १९६३ची इन्स्टामॅटिकची १२६ कॅसेट, १९८२ची डिस्क फिल्म, हे सारं मोठ्या कंपन्यांनी वाजतगाजत आणलं आणि नंतर बंद केलं. त्यांत बसणारे कॅमेरे कितीही देखणे असोत, आज ते शोभेचे झाले. कॅमेरा बनवणाऱ्यानं कोणत्या रोलवर भरवसा ठेवला, यावर त्याचं पुढचं शंभर वर्षांचं नशीब ठरलं. चांगली लेन्स हवीच, पण विहिरीला पाणी नसेल तर मोटार कितीही चांगली असून काय उपयोग?

आपल्याकडं तर फिल्मही बनत होती. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि त्याची 'इंदू' ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म देशभरच्या स्टुडिओंत पोचली. कारखाना पुढं बंद पडला. पण ज्या काळात बाहेरून येणारा माल महाग होता आणि हवा तेव्हा मिळत नव्हता, तेव्हा तालुक्याच्या गावी फोटो निघत राहिला, त्यात या फिल्मचा वाटा आहे. कॅमेऱ्यांच्या गौरवात तिचं नाव यायलाच हवं.

आता हवामान. या विषयावरचं बहुतेक लिखाण थंड देशांतलं, म्हणून त्यात आमचा उन्हाळा नसतो. वऱ्हाडात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या पेटीत किंवा वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात उष्णता त्याहून वर जाते. लेन्सच्या पेचांना लावलेलं ग्रीस पातळ होऊन झिरपतं आणि शटरच्या नाजूक पात्यांवर येऊन बसतं. मग खटका दाबला की पाती उघडतात, पण मिटायला आळस करतात. अगफाच्या १९५० नंतरच्या भात्याच्या घडीच्या कॅमेऱ्यांत उलट तऱ्हा: त्यांचं ग्रीस वाळून सरसासारखं घट्ट होतं आणि लेन्स फिरतच नाही. १९७० च्या दशकातल्या जपानी एसएलआरमध्ये मागच्या झाकणाला प्रकाश अडवणारा स्पंज असतो, तो डांबरासारखा चिकट होऊन भुगा होतो. त्या मानानं लेन्सवरच्या बुरशीचा त्रास आमच्याकडं कोकणापेक्षा आणि मुंबईपेक्षा कमी. पावसाळ्यात मात्र चामडी केस ओल धरून ठेवते, म्हणून जुन्या कॅमेऱ्याला त्याच्या केसमध्ये कोंडू नये. काकांची केस मी तेव्हाच वेगळी केली.

म्हणजे प्रत्येक जुना कॅमेरा केव्हा ना केव्हा बिघडणारच, आणि मग खरा निकष समोर येतो: तो उघडता येतो का? याशिकाचं पुढचं पान चार स्क्रूंवर निघतं. शटर लेन्सच्या आतच, पात्यांचं, घड्याळासारख्या स्प्रिंगवर चालणारं. आरसा एका जागी पक्का. फोटो काढताना उचलला जात नाही, त्यामुळं झिजत नाही. नागपूरला सीताबर्डीत एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्यासमोर ते शटर सोडवलं, धुतलं, वाळवलं आणि परत बसवलं. कोणताही सुटा भाग लागला नाही. "याले फक्त साफ करा लागते, बदला काही लागत नाही," असं म्हणत त्यानं एक सेकंदाचा वेग लावून शटर कानाशी धरलं. दात्यांचा आवाज एकसारखा येत होता.

तेच १९७६ च्या कॅनन एई-१ बद्दल म्हणता येत नाही. मायक्रोप्रोसेसर असलेला तो पहिला एसएलआर, पन्नास लाखांहून अधिक विकला गेला. पण बॅटरी संपली की खटकाही दबत नाही, आणि आतली सर्किटची पट्टी गेली की दुसरा कॅमेरा फोडून तीच पट्टी काढावी लागते. त्याच वर्षी आलेला पेंटॅक्स के१००० बॅटरी नसली तरी चालतो, बंद पडतो तो फक्त प्रकाशमापक. तो १९९७ पर्यंत बनत राहिला आणि अनेक देशांत फोटोग्राफी शिकणाऱ्याचा पहिला कॅमेरा ठरला. एई-१ ला इतिहासात मान आहे. क्लासिक म्हणून मी के१००० कडं बोट दाखवीन. ज्यांनी एई-१ वर जीव लावला ते माझ्याशी भांडतील, आणि त्यांच्या अल्बमकडं पाहिलं की माझाही आवाज थोडा खाली येतो. प्रकाशमापकांचं दुखणं वेगळंच आहे. साठ-सत्तरच्या दशकांतले बरेचसे मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले. त्या बॅटऱ्या पर्यावरणासाठी बंद झाल्या, आणि १.५ व्होल्टची घातली की मापक खोटं बोलतो. आमच्या क्लिक थ्रीला असलं काही नाहीच. त्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रं आहेत. आभाळाकडं पाहायचं आणि खूण फिरवायची.

आतापर्यंतचे निकष यंत्राचे झाले. त्यांनी चांगला कॅमेरा आणि टिकाऊ कॅमेरा कळतो. पण तेवढ्यावर क्लासिक म्हणायला माझं मन धजत नाही. मला वाटतं, ज्या कॅमेऱ्याची अडचण माणसांची रीत होऊन बसली, तो क्लासिक. हे नीट सांगायचं तर स्टुडिओत जावं लागेल.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरच्या लेन्समधून पाहायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघायचा. वरच्या लेन्समागं आरसा, त्यावर घासलेली काच. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालतो आणि काचेत पाहतो. चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं उलटं. नवा माणूस गडबडतो. नवरदेव काचेत डावीकडं सरकला की तोही कॅमेरा उलट्या बाजूला नेतो. आरशात दाढी करणाऱ्याला जशी सवय असते, तशी काकांना त्याची झाली होती. पुढं डावं-उजवं सरळ दाखवणारा एसएलआर हातात आला तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

ही रचना पोज देणाऱ्यावर काय करते पाहा. समोरचा माणूस तुमच्याकडं डोळे रोखून पाहत नाही, त्यानं मान खाली घातली आहे. कॅमेरा बेंबीच्या उंचीवर, म्हणून बसलेली म्हातारी आणि तो एका पातळीवर येतात. उभं राहून वरून घेतलेल्या आजच्या मोबाइल फोटोत माणूस जसा दबलेला दिसतो, तसा तो तिथं दिसत नाही. आमच्या आजीचा खुर्चीतला फोटो पाहिला की ती घरधनीण वाटते. तिचा स्वभाव तसा होताच, पण त्यात कॅमेऱ्याच्या उंचीचाही वाटा आहे हे मला फार उशिरा कळलं.

मग रोलची मोजणी. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो निघायचे बाराच. लग्नाला तीन रोल म्हणजे छत्तीस फोटो, आणि त्यात अक्षता, सप्तपदी, आहेर, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, व्याही-व्याही, सगळं बसवायचं. त्यामुळं कुणाचा फोटो घ्यायचा हे आदल्या रात्री ठरायचं आणि त्यात मानापमानही व्हायचे. फोटोत कोण कुणाशेजारी उभा, यावरून आजही आमच्याकडं नाती सांगता येतात. १९५८च्या याशिका ६३५ला ३५ मिलिमीटरचा रोल घालायची जोडणी मिळायची, म्हणजे एका रोलवर छत्तीस. तरी काकांनी ती फार वापरली नाही. कारण निगेटिव्हचा आकार. चौकोनी निगेटिव्ह छोटीच्या साडेतीन पटींहून मोठी, आणि निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायचं तर मोठीच हवी. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हे सगळं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवर भरायचं, भिंगाखाली, श्वास रोखून. ज्याला हे जमायचं त्याच्याकडंच मुलीचा दाखवायचा फोटो काढायला लोक यायचे. डार्करूमचा लाल दिवा, हायपोचा आंबट वास, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले प्रिंट हे सगळेच लिहितात. पेन्सिलीबद्दल कुणी लिहीत नाही, आणि मला तर तीच या कॅमेऱ्याची निम्मी कला वाटते.

फोटो काढताना काका मान वर न करता ओरडायचे, "हालू नको रे पोट्ट्या, इकडे पाय!" आणि पोरगं नेमकं खालच्या लेन्सकडं पाहायचं, कारण काकांचे डोळे दिसतच नसत. त्या फोटोंतली सगळी लहान मुलं जराशी खाली पाहतात ती त्यामुळं.

अडचणीतून रीत कशी येते याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या विदर्भातलाच आहे. कनू गांधी सेवाग्रामला बापूंच्या सहवासात होते. त्यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. त्या काळच्या मंद फिल्मवर, कुडाच्या झोपडीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय! तेव्हाचे कनू गांधींचे फोटो पाहिले की दिसतं, या अटींनीच ते घडवले. काळोख आहे, चेहऱ्यांवर दारातून येणारा तिरका उजेड आहे, हालचालीनं धूसर झालेले हात आहेत, आणि कॅमेऱ्याकडं कुणाचंच लक्ष नाही. पोटाशी धरायचा, खटक्याचा आवाज जवळजवळ नसलेला कॅमेरा नसता तर दुसरी अट पाळणं किती अवघड गेलं असतं! छायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि दिल्लीत सत्तेच्या दालनांतून वावरल्या. त्यांच्या हाताशी स्पीड ग्राफिक होता, तसा रोलीफ्लेक्सही. आश्रमातली झोपडी आणि राजधानीतला समारंभ, दोन्हीकडं एकच यंत्र पुरलं. क्लासिक म्हणायला मला एवढा पुरावा बस्स होतो.

आता क्लिक थ्री, ज्याच्यावर जाणकार हसतात. अगफाच्या परवान्यानं तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवला. फोकस एकच, वेग एकच, भिंग साधं. कडांना चित्र विरघळतं. गडद सावलीत तो फोटो काढू शकत नाही, आणि घरात तर नाहीच. म्हणून सगळं कुटुंब अंगणात आलं. दहा फुटांवर उभं राहायचं, ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे उभे राहिलेल्यांच्या डोळ्यांत. साठ-सत्तर-ऐंशीच्या काळातल्या आमच्या अल्बममधले सगळे जण डोळे बारीक करून उभे आहेत. मागं बैलगाडी, नाही तर संत्र्याचं झाड. बायकांनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, पदर सारखा करून उन्हात उभं राहण्याचं ते एक कारण होतं. स्टुडिओत नवऱ्यामागं उभी राहिलेली बाई क्लिक थ्रीच्या फोटोत अंगणात एकटी, हसताना दिसते. कारण फोटो काढणारा तिचा भाऊ किंवा मुलगा असे. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यानं हे चित्र दिलं नसतं, लायकानं तर नाहीच, कारण तो या अंगणात आलाच नाही. फॅक्टरीच्या मोजपट्टीनं हा साधा डबा आहे. माझ्या यादीत तो रोलीफ्लेक्सच्या शेजारी बसतो, आणि हे मी पूर्ण विचारानं लिहितो.

देशी कॅमेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी तीन नावं घ्यायला हवीत. केरळात अळप्पुळा इथं १९४० च्या दशकात सुरू झालेला वागीश्वरी, सागवानी लाकडाचा, भात्याचा, काळं फडकं डोक्यावर घेऊन पाहायचा कॅमेरा. देशभरच्या स्टुडिओंत पाय रोवून उभा राहिला. कलकत्त्यात जादवपूरला नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं बनवलेला नॅशनल ३५, ज्याला आमच्या भागात तरी फारसं कुणी ओळखलं नाही. माझ्या निकषानं तो बाहेर राहतो, कारण त्याची म्हणून काही रीत पडली नाही. आणि कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन स्वतः घडवलेला सिनेमाचा कॅमेरा. तो साध्या फोटोचा नाही, म्हणून या आढाव्यात त्याला पूर्ण जागा देता येत नाही. पण आपल्याच हातांनी कॅमेरा घडवायचा आणि त्यावर बोलपट येण्याआधीच्या काळात 'सैरंध्री'सारखं चित्र उभं करायचं, ही हिंमत आठवली की कौतुकापेक्षा अभिमान जास्त वाटतो.

कपाटात कॅमेरा असणाऱ्या घरांना एवढंच सांगेन. विकण्याआधी, आत रोल नाही याची खात्री करून, मागचं झाकण उघडा, खटका दाबून पाती उघडतात-मिटतात का पाहा, लेन्स उजेडाकडं धरून बुरशीचं जाळं दिसतं का बघा. आत रोल राहिला असेल तर झाकण उघडू नका. अंधारात काढून धुवायला द्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रोलवर कधीकधी पुसटसं का होईना, चित्र असतं. शटर साफ करायला लागणारे पैसे बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या विक्रीतून येणाऱ्या पैशांहून जास्त असतात, आणि तरी ते खर्चावेत.

आम्ही याशिका साफ करून आणला, पण पहिला रोल घातला तो क्लिक थ्रीत. पुण्याहून मागवलेला, १०० आयएसओचा, ब्लॅक अँड व्हाइट. भाच्याला मागच्या लाल खिडकीतून आकडा सरकताना पाहायचं वेड लागलं. १ दिसला की थांबायचं हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिला फोटो त्यानं त्याच्या आईचा काढला, अंगणात, सकाळी नऊच्या उन्हात. तिनं न सांगता दहा पावलं मागं जाऊन डोळे बारीक केले. पुढचे सात फोटो दोन आठवड्यांत निघाले. आता खिडकीत ९ आहे. उरलेले चार त्यानं पावसासाठी राखून ठेवलेत, नर्सरीत कलमा उचलायला माणसं येतील तेव्हाचे. ढगाची खूण त्यानं आतापासूनच लावून ठेवली आहे.